चुन्याच्या खुणा

सबल्यात गुरुवारी बैठक भरली.
सबला म्हणजे आपली चावडीच,
फक्त गालिचा अंथरलेली, आणि दारात चपलांचा ढीग.
मधोमध नकाशा, चार कोपऱ्यांवर
कहव्याचे चार फिंजान ठेवून दाबलेला.
घरं एकोणऐंशी. सत्तरीपुढची माणसं एकतीस.
तरणी सगळी मस्कतला,
गुरुवारी रात्री येतात, शनिवारी उन्हं उतरली की जातात,
मागे खजुराच्या बिया आणि रिकामे चार्जर.

मी दाराशी, रक्तदाबाचं रजिस्टर मांडीवर.
एकोणीस वर्षं झाली हैलच्या दवाखान्यात.
या गावाचे चेहरे एखादवेळ चुकतील,
गुडघे चुकायचे नाहीत.

इंजिनियर यकझान पोरगेलासा.
लाल पेनाने त्याने नऊ टिंबं दिली:
दर शंभर मीटरला एक बाक, असं पुस्तकात आहे.
बायकांच्या बाजूने झुवैना म्हणाली,
पोरा, हे शंभर मीटर कोणाच्या पायांचे?
कोणीतरी हसलं. यकझान हसला नाही.
त्याने पेनाला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी असरनंतर निघालो.
पुढे काठी टेकत झुवैना,
मागे यकझान, हातात चुन्याची पिशवी,
त्याच्या मागे मी, आणि कोणाची तरी शेळी.
ती थांबेल तिथे चुना टाकायचा, एवढाच नियम.
पहिल्यांदा थांबली बावीस पावलांवर.
मग फलजच्या वळणाशी, जिथे डोंगराच्या पोटातलं पाणी
पाटात येऊन पहिल्यांदा ऊन बघतं.
मग चढावर तीनदा, जवळजवळ.
मशिदीपाशी, जिथे नकाशात बाक होता, थांबलीच नाही.
तिथे पुरुष बसतात, म्हणाली,
आणि उगाच माझी तब्येत विचारतात.

एका निळ्या बंद दाराशी बराच वेळ उभी राहिली.
मी नाडी धरली. ठीक होती.
दम लागला का?
नाही गं. इथे शम्सा राहायची.
हाक मारून पुढे जायची सवय आहे.
यकझानने माझ्याकडे पाहिलं.
पुस्तकात हे नसणार.
मग वाकून त्याने चुना टाकला,
बाकी ठिकाणांपेक्षा मूठभर जास्त.

खलफान मात्र चालायला आला नाही.
एके काळी रात्रीचं पाणी तो वाटायचा,
हा तारा डोंगराआड गेला की तुझं, तो वर आला की त्याचं.
आता पाळी मोबाइलवर वाजते.
त्याची साखर गेलं वर्षभर चढती आहे,
गोळ्या बदलून पाहिल्या, तांदूळ बंद करून पाहिला.
आम्ही दारात गेलो तेव्हा म्हणाला,
मला बाक नको. पाळी द्या.
हा शब्द मला तर्जुम्याशिवाय कळला,
आमच्याकडेही पाटाच्या पाण्यावरून
भावाभावांची डोकी फुटलेली आहेत.
रजिस्टरमध्ये, औषधाच्या रकान्यात,
मी लिहिलं: आठवड्यातून दोन रात्री, फलज.
डॉक्टरांनी खाली सही केली. काही विचारलं नाही.

मला तीन वर्षांनी साठ पुरी होतील.
मग व्हिसा संपेल, आणि फॉर्मवर दरवेळी न बघता लिहिते
त्या कायमच्या पत्त्यावर राहायला जावं लागेल.
आजऱ्याच्या पुढे, फाट्यावर उतरून चढ.
रात्री भाच्याला फोन लावला.
संतराम, फाट्यापासून घरापर्यंत किती पावलं रे?
पावलं? आत्या, गाडीवरनं दोन मिन्टं.
तसं नव्हे. शेजारच्या भागूकाकींना
उद्या जरा चालायला लाव. घाई करू नकोस.
त्या जिथे थांबतील तिथे खूण कर.
कशानं?
घरात चुना असेल ना?
तो जरा थांबला. टीव्हीचा आवाज कमी झाला.
आहे की. तंबाखूचा.
म्हटलं, चालेल.